टेम्पोच्या हॉर्नमधलं आमचं गाणं

मला पहिला संशय आला तो एका टेम्पोच्या रिव्हर्स हॉर्नमुळे.

हडपसरला मंडईच्या मागच्या गल्लीत, रविवारी सकाळी, कोथिंबीर उतरवून रिकामा झालेला एक टेम्पो मागे मागे येत होता. माझा मित्र त्याच्या वाटेतच डोळे मिटून उभा होता. एक हात हवेत, मान किंचित डावीकडे.

"आलं बघ," तो म्हणाला. "दुसरी ओळ वेगळी घेतोय."

मी कान टवकारले. हॉर्नमधून लहान मुलांच्या वाढदिवसाला केक कापताना वाजते ती धून येत होती. निम्म्या महाराष्ट्रातले टेम्पो मागे येताना वाजवतात तीच. तिच्यात दुसरी ओळ वेगळी वगैरे काही नव्हती. टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय वो काका, लागली का काय गाडी?"

"नाही, नाही. आम्ही हॉर्न ऐकतोय."

"हॉर्न? इकायचा न्हाई त्यो," असं म्हणून त्याने आमच्याकडे नीट पाहून घेतलं आणि काच वर केली.

"मग?" मित्राने विचारलं. "मान्य?"

"अमान्य," मी म्हणालो. "अरे, हे आपलं गाणं कुठल्या बाजूने आहे?"

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हं." आणि त्याचा चेहरा असा पडला, की मला वाटलं, काय अभिनय करतो हा माणूस! मी तरुणपणी हौशी नाटकांतून तीन वेळा हवालदार झालेलो आहे. खोटा पडलेला चेहरा मला ओळखता येतो, असा माझा समज होता. वारज्यापासून हडपसरपर्यंत सगळं पुणं आडवं कापून मी स्कूटरवर आलो होतो, ते एका टेम्पोच्या पार्श्वभागातून निघणारं वाढदिवसाचं गाणं ऐकायला. जाताना सबंध रस्ताभर मी एकच विचार करत होतो, हा आपल्याला मामा बनवतोय. पण का?

आता आमचं गाणं म्हणजे काय ते सांगायला हवं. नाव सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच मोबाईलवर लावाल आणि माझं वाचायचं सोडून द्याल. जुनं इंग्रजी ब्लूज-रॉक आहे. एक माणूस, एक गिटार, निघून गेलेली बाई आणि संपता न संपणारी तक्रार. सुरुवातीलाच गिटारवर पाच सुरांची एक ओळ येते आणि पुढे सगळं गाणं खुंट्याला बांधलेल्या म्हशीसारखं तिच्याभोवती फिरतं. कॉलेजात आमच्या हाती लागलेली कॅसेट कुणीतरी कुणाच्या तरी कॅसेटवरून भरून घेतलेली होती. पुढे दोन वर्षं आम्ही तेच मूळ गाणं समजून चाललो. मग कळलं, की आम्ही ऐकतो ते गोव्यातल्या कुठल्याशा हॉटेलात वाजवणाऱ्या तिघांनी केलेलं आहे. मूळ गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मित्र म्हणाला होता, "हा कोण नक्कल करतोय आपल्या गोवेकरांची?"

तेव्हापासून आम्हाला नाद लागला. दुसऱ्याचं गाणं आपल्या गळ्यातून काढलं, की त्याला कव्हर म्हणतात. मोठ्या लोकांनी केलेली कव्हर जगाला माहीत असतात, ती आमच्याकडे वर्ज्य. आम्हाला हवी ती कुणाला माहीत नसलेली. एका पोलिस बँडने हे गाणं संचलनाच्या ठेक्यात वाजवलेलं आमच्याकडे आहे, ते ऐकलं की निघून गेलेली बाई वॉरंट निघाल्यामुळे गेली असं वाटतं. तीन जपानी बायकांनी एकाही शब्दाचा अर्थ न कळता गायलेलं आहे, आणि गंमत म्हणजे सगळ्यांत दुःखी तेच आहे. दातांच्या एका डॉक्टरने आपल्या रुग्णांना धीर यावा म्हणून बासरीवर वाजवून घेतलेलंही आहे. ते ऐकताना मधेच ड्रिल ऐकू येतं.

या खेळात नियम एकच. नवं कव्हर सापडलं, की दोघांनी समोरासमोर बसून ऐकायचं. दोघांनी "मान्य" म्हटलं तर ते संग्रहात. एकाने "अमान्य" म्हटलं, की विषय संपला. मतांतर नाही, अपील नाही. आणि फसवाफसवी तर नाहीच. हल्ली कॉम्प्युटरला सांगितलं की तो हवं ते गाणं हव्या त्या आवाजात करून देतो, त्यामुळे जगात आता ऐकू येणाऱ्या कशावरही विश्वास ठेवता येत नाही. राहिला होता तो या माणसाचा "मान्य". तोच खोटा निघाला, तर आमचा सगळा संग्रह कचरा, आणि कॉलेजपासूनची मैत्रीही त्याच टोपलीत. म्हणून त्या टेम्पोने मला झोंबलं.

मित्राचं शनिवार पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. आजोबांपासूनचं. घराणं पुण्यातलं जुनं मुसलमान, आणि मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. मी कधी "केलेलं" ऐवजी "केल्यालं" म्हणालो, की तो लगेच "कुठले आपण?" विचारतो. मी त्याला मालक म्हणतो, तो मला राजे म्हणतो. राज्य कुठलं ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

टेम्पोनंतर त्याने मला घरी बोलावलं. घर हडपसरलाच. फोन नाही, मेसेज. हल्ली तो फोन उचलतच नसे, हा माझा दुसरा संशय. गेलो तर मला थेट गच्चीत नेलं आणि पाण्याच्या मोटरीसमोर उभं केलं. मोटर घरघरत होती.

"आता ऐक. पहिले चार सूर मोटर लावते, पाचवा पाईप घेतो."

"पाचवा पाईप."

"अगदी अलगद. ऐकलंस?"

मी ऐकलं. घरर्र. मी मोटरीच्या मागे वाकून पाहिलं, टाकीच्या मागे पाहिलं, वाळत घातलेल्या चादरीही बाजूला केल्या. त्याचा मुलगा आयटीत आहे. मला वाटलं, कुठेतरी मोबाईल लपवलेला असणार आणि मी पाण्याच्या मोटरीला दाद देताना सगळ्या जगाला दिसणार.

"काय शोधतोयस?"

"गिटारवाला."

"हं," तो म्हणाला. "मान्य?"

"अमान्य! शंभरदा अमान्य!"

खाली भाभींनी सरबत दिलं आणि दारात उभं राहून तक्रार केली. "भाऊ, यांना तुम्हीच सांगा जरा. मी आतून हाका मारमारून दमते, हे उत्तर देत नाहीत. तुमचं ते गाणं बसलंय नुसतं डोक्यात."

"भाभी, हा आजार आमच्याकडेही आहे," मी म्हणालो. "लग्नानंतर होतो."

त्या हसल्या, मी हसलो. मित्रही आमच्याकडे पाहून, एक क्षण उशिरा, हसला. हे सगळं माझ्यासमोर ताटात वाढून ठेवलेलं होतं आणि मी मात्र लपवलेला मोबाईल शोधत होतो.

मधल्या काळात एक वेगळीच भानगड झाली होती. माझा मित्र प्रसिद्ध झाला होता. म्हणजे एका गिऱ्हाइकाने दुकानातला व्हिडिओ काढला आणि तो सगळीकडे फिरला. त्यात एक बाई विचारतात, "सेल आहे का?" मित्र भिंग न काढता सांगतो, "तेल? पुढच्या गल्लीत, वाण्याकडे." घड्याळाच्या दुकानात! लोकांना वाटलं, काय हा खवचटपणा, काय ही परंपरा! मग लोक मुद्दाम येऊ लागले. मी स्वतः तिथे बसलेलो असताना कोथरूडचं एक जोडपं आलं होतं.

"काळा पट्टा मिळेल का?" बाईंनी विचारलं.

"काल दुकान बंद होतं."

"नाही, काळा. काळा!"

"सांगितलं ना, बंद होतं. काल काय, परवा काय."

बाईंनी आनंदाने नवऱ्याला कोपर मारलं. "बघितलंस? म्हटलं नव्हतं तुला?" आणि पट्टा न घेता, तृप्त होऊन दोघं गेली. मीही खूप हसलो. मित्राला म्हणालो, "मालक, दिवसेंदिवस फॉर्मात येताय." तो म्हणाला, "हं."

त्या "हं"चं मला आता कौतुक वाटतं. आपल्या भाषेत एवढं कामसू अक्षर दुसरं नाही. होकार, नकार, पुढे बोल, पुरे कर, कळलं, अजिबात कळलं नाही, सगळं त्यात मावतं. बाकी कुठल्याही गावात एखादा माणूस विचारलेल्याचं धड उत्तर देईनासा झाला, तर लोक काळजी करतात. पुण्यात टाळ्या देतात.

तर मी सापळा लावायचं ठरवलं. घरी स्वयंपाकघरात मोबाईल ठेवला आणि बायको मिक्सरमध्ये चटणी वाटत होती ते रेकॉर्ड केलं. मधेच ती म्हणाली, "अहो, तो गॅस बारीक करा, आणि इथे कशाला लुडबुड करताय?" तेही ठेवलं. हे काय चाललंय ते सांगितल्यावर ती म्हणाली, "सरळ विचारा ना त्यांना, असं का करताय म्हणून."

"आमच्यात सरळ विचारत नाहीत."

"मग वाकडं विचारा, पण चटणीला कशाला मधे घेता?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आम्ही बसलो. ही आमची ऐकण्याची नेहमीची वेळ. मी हवालदाराच्या भूमिकांत कधी न आलेल्या गांभीर्याने सांगितलं, "आइसलँड. कोळ्यांनी बोटीवर गायलेलं. मालक, हे आजवरचं सगळ्यात दुर्मिळ आहे." आणि काउंटरच्या काचेवर मोबाईल ठेवून चालू केला.

चटणी सुरू झाली. त्याने डोळे मिटले, हात हवेत गेला, बोट काचेवर पडू लागलं. माझ्या बायकोने गॅस बारीक करायला सांगितलं तेव्हा त्याने हलकेच मान डोलावली.

"काय खर्ज आहे," तो म्हणाला. "वयस्कर माणूस असणार. मान्य."

मान्य! माझ्या बायकोला! मला तो आनंद झाला, जो गुप्तहेराला गुन्हेगाराची बाही धरताना होत असेल. मी उठलो, पाठ फिरवली, भिंतीवरच्या घड्याळांकडे तोंड करून हात पसरले आणि जन्मभर न मिळालेलं भाषण ठोकलं. "खोटारडा आहेस तू! टेम्पो खोटा, मोटर खोटी, आणि आता ही माझ्या घरची खोबऱ्याची चटणी! इतक्या वर्षांत मी तुझ्या शब्दावर..." वगैरे. शेवटचं वाक्य झाल्यावर मी उत्तराची वाट पाहत तसाच थांबलो. नाटकात इथे दुसऱ्याने बोलायचं असतं.

दुसरा बोलला नाही.

समोरच्या लंबकाच्या घड्याळाच्या काचेत तो मला दिसत होता. मोबाईलचा पडदा काळा झाला होता. चटणी केव्हाच वाटून झाली होती. त्याचे डोळे मिटलेले होते आणि बोट काचेवर चालूच होतं. पाच ठोके, थोडं थांबणं, परत पाच. मग त्याने डोळे उघडले, समोरचं एक मनगटी घड्याळ उचललं आणि कानाला न लावता, सुपारी धरावी तसं पुढच्या दातांत धरलं. त्याला मी कायम घड्याळ कानाला लावतानाच पाहिलं होतं. त्याच्या वडिलांनाही.

"मालक," मी पाठमोराच म्हणालो. "दुकानाला आग लागली आहे."

तो घड्याळ दातांत धरून, दातांना जाणवणारे ठोके शांतपणे मोजत होता.

मी वळलो, समोर जाऊन बसलो. मोठ्याने म्हणालो, "तुला ऐकू येत नाही."

"हं," तो म्हणाला.

"हं काय हं! कधीपासून?"

त्याने घड्याळ दातांतून काढून रुमालाने पुसलं. "ओरडू नकोस, शेजारचे ऐकतील. मी ओठ बघतो. आणि तुझी ती मिशी काप आधी. दोन वर्षं मी तुझ्याशी अंदाजाने बोलतोय."

"दोन वर्षं! आणि कुणाला कळलं नाही?"

"कुणाला कळणार? पहिल्यांदा मी एकाला काहीतरी भलतंच उत्तर दिलं, तर तो खूश होऊन गेला. मग दुसरा. बहिरा म्हटलं, की लोक मोठ्याने आणि हळू बोलतात, लहान मुलाशी बोलल्यासारखं, आणि घड्याळ दुसरीकडे नेतात. खवचट म्हटलं, की सहकुटुंब येतात." त्याने ते घड्याळ काउंटरवर ठेवलं. "घड्याळवाल्याला टिकटिक ऐकू येत नाही, हे कुठल्या पाटीवर लिहू?"

माझा राग अजून पुरता उतरला नव्हता. "आणि गाणं? टेम्पो? मोटर? ते का?"

त्याने रुमालाची घडी घालून खिशात ठेवली.

"ते खरंच वाजतं," तो म्हणाला. "म्हणजे मला. मोटर लागली, पंखा लागला, की सुरू होतं. कधी काही न लागताही. बाकी सगळं कापसातून आल्यासारखं येतं, हे मात्र लख्ख. आधी वाटलं, बाहेरच वाजतंय कुठेतरी. मग वाटलं, डोक्यात. डोक्यात असेल तर... आमच्या एका काकांना आवाज यायचे शेवटी शेवटी. म्हणून तुला न्यायचो. तू मान्य म्हणालास, की बाहेर आहे. अमान्य म्हणालास, की नाही."

मला हडपसरच्या त्या गल्लीतला त्याचा पडलेला चेहरा आठवला. तो अभिनय नव्हता. तो निकाल ऐकत होता. गच्चीवर मी त्याला तो शंभरपट ऐकवला होता.

"भाभींना सांगितलंस?"

"तुला तरी कुठे सांगितलं? तू चटणी आणलीस."

"तुला कसं कळलं चटणी?"

"आत्ता म्हणालास की, वळल्यावर. मिशीतूनही चटणी दिसते."

मी वळल्यावर चटणीचा उल्लेख केला होता का, ते मला आजही नक्की आठवत नाही. मला अजून थोडा संशय आहे.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे मी आणि भाभी दोघंही त्याच्याबरोबर गेलो. भाभी वाटेत त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्याला ते कळलं नाही म्हणून आणखी चिडल्या. त्याला काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले. आवाज आला, की हात वर करायचा. त्याने जो हात वर केला तो खाली आणलाच नाही. डॉक्टरीणबाई यंत्राची बटणं तपासू लागल्या.

"काका, मी अजून आवाज सोडलेलाच नाहीये."

"तुम्ही नाही सोडला," तो आतून म्हणाला. "तो माणूस वाजवतोय."

त्यांनी मग नीट समजावून सांगितलं, मिशी नसल्यामुळे त्याला सगळं कळलं. कानात बाहेरून पुरेसं येईनासं झालं, की मेंदू रिकामा बसत नाही, ठेवणीतलं काहीतरी काढून वाजवायला लागतो. होतं असं, वेड नव्हे. ऐकण्याचं यंत्र लावलं, की बरंच कमी होईल. "वेड नव्हे" हे त्याने दोनदा वदवून घेतलं, आणि दुसऱ्यांदा ते ओठांकडे न पाहता, भाभींकडे पाहत. भाभींनी तेव्हा पहिल्यांदा पदराने डोळे पुसले आणि मग पहिला शब्द बोलल्या. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

यंत्र आल्यावर दुकानाची पंचाईत झाली. मी बसलेलो असतानाच एक तरुण मुलगी मैत्रिणीला घेऊन आली, मोबाईल तयार ठेवून. "सेल आहे का, काका?"

"आहे ना," मित्र म्हणाला. "कुठल्या घड्याळाचा?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "हे ते नाहीत का?" एक पुटपुटली. पूर्वी हे त्याला कधी ऐकू आलं नसतं. आता मात्र त्याला मुद्दाम विचार करून खवचट बोलावं लागतं, आणि त्यात फार दमायला होतं असं तो म्हणतो.

परवा दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही पुन्हा बसलो. मी मिशी कापून आलो होतो. बायको म्हणाली, तिच्या सांगण्यावरून वीस वर्षांत कापली नाही ती. आधी आम्ही मूळ गाणं लावलं, यंत्रासकट. त्याने तोंड वाकडं केलं. "हा एवढा चिरका होता? आपण याच्यामागे आयुष्य घालवलं?" मग पोलिस बँड लावला, मग जपानी बायका. मी बरोबर गुणगुणायला लागलो, तसा त्याने हात जोडले. "राजे, तुम्ही कायम असंच गायचात? मग दोन वर्षं बरी गेली म्हणायची."

"आणि तो? डोक्यातला?"

"यंत्र लावलं की जातो. काढलं की येतो."

"आत्ता काढलंस तर?"

त्याने दोन्ही कानांतली यंत्रं काढली, काचेवर ठेवली, डोळे मिटले. आम्ही थांबलो. पेठेतून एक रिक्षा गेली, भिंतीवरची घड्याळं आपापली वेळ सांगत होती. मग त्याचं बोट हललं.

"कशात वाजवतोय?" मी विचारलं, आणि मग माझ्या लक्षात आलं, की त्याला ऐकू जाणार नाही. तरी तो आपणहून बोलला. "सारंगीसारखं काहीतरी. आणि मागे कुणीतरी घड्याळाला चावी देतंय. सावकाश."

आता हे मला कसं तपासता येणार? तो थापा मारत असेल, तर त्याला कुणी पकडू शकत नाही. खरं असेल, तर आमच्या सबंध संग्रहात नाही असं एकच कव्हर या माणसाजवळ आहे आणि ते मला मेलो तरी ऐकायला मिळणार नाही. दोन्हींपैकी जास्त राग कशाचा येतो, ते मला सांगता येत नाही. मी फक्त बोटाकडे पाहत राहिलो. पाच ठोके, थांबणं, परत पाच. दुसऱ्या ओळीत त्याने चौथा ठोका उशिरा टाकला. इतका उशिरा, की मला वाटलं राहिलाच, आणि मग तो पडला. तसा ठोका आमच्या एकाही कव्हरमध्ये नाही. हडपसरला तो म्हणाला होता ना, दुसरी ओळ वेगळी घेतोय.

मी उठलो, काउंटरला वळसा घालून त्याच्यासमोर गेलो, उजेड चेहऱ्यावर पडेल असा उभा राहिलो, आणि कापलेल्या मिशीखालून स्पष्ट म्हणालो, "मान्य."

त्याने डोळे उघडलेच नव्हते.

मग मी काचेवर दोनदा टकटक केलं. त्याने डोळे न उघडताच दुसरा हात वर केला, गप्प बस, अजून संपायचंय, अशा अर्थाचा.